धंदा : गृहिणी

भेस्तान, सुरत
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय आत्या,
हर्षदाचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? गायत्रीची दहावीची परीक्षा तोंडावर आली आहे. बाकी ठीक.

ठीक नाही, म्हणून तर लिहायला बसले.

आमच्या ऑफिसात मच्छीमारांच्या ओळखपत्राचं काम माझ्याकडे आहे. दिवाळीआधी खाडीकाठच्या गावातून चंचलबेन आल्या होत्या. विधवा, पन्नाशीच्या. ओहोटी लागली की मांडीभर चिखल तुडवत जातात, खुंटांना जाळं बांधतात आणि भरतीआधी मासळी डोक्यावर घेऊन परततात. बावीस वर्षं! पण होडी नाही. साहेब म्हणाले, होडी नाही तर मच्छीमार कसली? फॉर्मवर 'गृहिणी' गेलं.

गेल्या महिन्यात त्या घसरल्या आणि खुंट मांडीत घुसला. पाय वाचला, पण चिखलात उतरणं संपलं. अपघात विम्याचा अर्ज परत आला : अर्जदार गृहिणी आहे. असा संताप आला, आत्या! चिखलात बाई राबते आणि कागदावर ती घरी बसलेली!

वर साहेबांचं लिहिलं ते खोटं आहे. साहेब त्या दिवशी रजेवर होते. 'पायी मासेमारी' असाही रकाना होता, पण त्यासाठी गावात जाऊन पाहणी करावी लागते. मला कंटाळा आला. 'गृहिणी' मीच टाइप केलं. चंचलबेननी विचारलंही, "बेन, हुं घेर क्यां बेसुं छुं?" मी घरी कुठे बसते? मी म्हटलं, "चालतं हो."

बुधवारी दवाखान्यात जाऊन त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तो हवे लख. मारी सामे." मग आता लिही, माझ्यासमोर.

तिथेच लिहिलं, की पाहणी न करता 'गृहिणी' मी टाइप केलं. शुक्रवारी साहेबांना दिलं. वाचून ते म्हणाले, "हर्षदाबेन, मागे घ्या. तुमच्या अंगावर येईल."

"साहेब, त्यांच्या अंगावर आलंच आहे."

उद्या अकराला खुलासा द्यायचाय. चंचलबेनच्या गावच्या नऊ बायका येणार आहेत, आपापले फॉर्म घेऊन. सगळ्यांवर तोच शब्द आहे. त्यातले सहा माझ्या हातचे.

त्या बायकांसमोर उभं राहायचं बळ मागणारी,
तुझी हर्षदा