मुरमातली अंडी

जानेफळ, ता. मेहकर
दि. ६ मे २०२४

ती. चंद्रशेखरदादास,
धम्मशीलाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमच्या गुडघ्याचे टाके निघाले, हे गोविंदा कंडक्टरकडून समजलं. सारिकावहिनीचं ऐकत जा, काठी टाकून अंगणात हिंडू नका. तुम्हाले फोनवर ऐकू येत नाही म्हणून आपल्या दोघांत पत्रं राह्यली, नाहीतर आता कोण लिहिते! पण यावेळी बरंच झालं. ही गोष्ट मले फोनवर घालायची नाही. फोनानंच घात केला.

आमची विहीर खोदणं सुरू आहे, हे तुम्हाले माहीत आहे. गेल्या गुरुवारी अठरा फुटांवर बाजूच्या भिंतीतून गोल गोटे निघाले, एकाच रांगेत नऊ. बाहेरून गुळगुळीत, नारळाएवढे. एकावर तर अशा बारीक चिरा, की उकडलेलं अंडं टिचकावलं असं दिसते. आपल्या पूनमच्या शाळेत डायनासोरचा धडा झालेला. तिनं पाह्यल्याबरोबर अंडी, अंडी म्हणून गलका केला. तिच्या बाबांनी फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला अन् तिथून सारं सुरू झालं.

दुसऱ्या दिवसापासून डोणगावची, मेहकरची माणसं वावरात येऊन राह्यली. शनिवारी पांढऱ्या गाडीतून दोघं आले. नाव सांगतलं नाही. म्हणाले, ही अंडीच आहेत, खाली आणखी असतील, अन् सरकारले कळलं की वावराले तारेचं कुंपण पडेल. लपवली तरी जेल, फोडली तरी जेल. त्या दिवसापासून माझे सासरे पुंजाजीमामा धड जेवले नाहीत. सातबारा उशाखाली घेऊन निजतात. अनोळखी नंबरवरून इतके फोन आले, की आम्ही दोघांचेही फोन बंद करून ठेवले.

दादा, तुम्ही तीस वर्षं लोकांच्या विहिरी तपासत फिरले, सुरुंगाच्या आवाजानं कान घालवले. तुम्हीच सांगा, ही अंडी आहेत का गोटे? मले भीती वाटून राह्यली. अंगणवाडीत लेकरं मोजतानाही चुकते.

वहिनीले जयभीम. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.
तुमची,
धम्मशीला


खामगाव
दि. ८ मे २०२४

चि. सौ. धम्मशीलास,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

तुझे पत्र गोविंदाने काल संध्याकाळी आणून दिले. चार वेळा वाचले. हसू आले आणि काळजीही वाटली. लहानपणी नदीतली प्रत्येक गारगोटी हिरा म्हणून फ्रॉकच्या ओच्यात भरून आणणारी तूच, आता लेकीला नावे ठेवू नकोस.

आधी त्या पांढऱ्या गाडीबद्दल. सरकारी माणूस नाव सांगतो, कागद दाखवतो आणि पंचनामा करतो. बिननावाच्या माणसाच्या भीतीने जेवण सोडू नये, असे पुंजाजीमामांना माझ्या नावाने सांग.

आता गोट्यांबद्दल. आपल्याकडचा दगड म्हणजे एके काळचा उकळता रस. त्यात हवेचे बुडबुडे राहिले, रस थिजला आणि पोकळ्या तयार झाल्या. पुढे पाण्यात विरघळलेली गार, म्हणजे गारगोटीचाच पदार्थ, झिरपत आली आणि पोकळीच्या आतल्या अंगाला स्फटिक धरले. दगड कुजून मुरूम झाला, की गारेचा गोटा तेवढा अख्खा सुटतो. असा गोटा बहुधा आतून पोकळ असतो. दुसरा प्रकार चुनखडीचा. मातीतला चुना एखाद्या खड्याभोवती पुटापुटांनी गोळा होतो. तो फोडला तर कांद्यासारखे थर दिसतात किंवा आरपार एकसारखा भरीव असतो.

अंड्याला मात्र कवच असते. आतला ऐवज दगड झाला तरी वरचे कवच वेगळे दिसते. ते ज्वारीच्या दाण्याइतकेही जाड नसते. आतल्या दगडाहून रंग निराळा, आणि भिंगाखाली बारीक छिद्रे किंवा पुळ्या. आजूबाजूला फुटक्या खापरांसारखे कवचाचे तुकडेही सापडतात. आणि अंडी नदीकाठच्या गाळात, वाळूत घातलेली असतात, उकळत्या रसात नव्हे. म्हणून मला गोट्यांपेक्षा ते ज्या मातीतून निघाले, तिची जास्त माहिती हवी.

एक बजावतो, एकही गोटा फोडू नकोस. अंडे असण्याचा संभव मला फार थोडा वाटतो, पण फुटले तर परत जोडता येणार नाही. आपोआप निघालेली टवकी असेल ती पाठव. वजन, रंग, भिंतीतले थर, ओल, सगळे लिही. मला येता येत नाही, तेव्हा तुझे डोळे तेच माझे डोळे.

पूनमला पापा. माझ्यावर रागावलीस तरी लिहिणे थांबवू नकोस.
तुझा,
दादा


जानेफळ
दि. १३ मे २०२४

ती. दादास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुम्ही सांगतलं तसं सारं पाह्यलं. वजन सारखं नाही. दोन गोटे हातात घेतले तर रिकाम्या डब्यावाणी हलके, बाकीचे जड. रंग बाहेरून हिरवट. एका टवकीवर लिंबू पिळलं तर बुडबुडे आले. पाहणारे ओरडले, की अंड्याचं कवच असंच फसफसते, सिद्ध झालं! टवकी सोबत पाठवली आहे.

वर सात-आठ फूट काळी माती. त्याखाली पिवळा मुरूम, तो पार भुसभुशीत, चाळणीवाणी बारीक भोकं पडलेला. गोटे ह्याच मुरमात, विहिरीच्या चहूअंगाले एका रांगेत. त्याच्या खाली लाल माती, हातभर जाड, ओली झाली की साबणावाणी निसटते. शुक्रवारी अवकाळी पाऊस झाला, तेव्हापासून त्या लाल मातीच्या वरून पाणी पाझरते. गोटा ओढला की पाठोपाठ मुरूम गळते, बराच वेळ गळते.

आता गावातले पाच-सहा जण रोज खाली उतरून राह्यले. त्या पांढऱ्या गाडीवाल्यांनी सांगतलं, की घरट्यात वीस-वीस अंडी असतात. म्हणून भिंतीत आडवे कोनाडे पाडणं चालू आहे, माणूस वाकून आत बसेल एवढे. नऊच्या वर गोटा मात्र अजून सुटला नाही. पूनमचे बाबा सर्वांच्या पुढं. मी थांबा म्हटलं तर म्हणतात, तुझ्या दादाचं पत्र येऊ दे, मग पाहू. परवा पूनमही शिडीनं उतरली होती. मी तिले मारलं, अन् मग मीच रडली.

मामाजी विहिरीकडं पाठ करून बसतात. मले काय करावं समजत नाही. लवकर लिहा.
तुमची,
धम्मशीला


खामगाव
दि. १४ मे, सकाळी सात

धम्मशीला,

गोटे विसर. ते अंडी नाहीत. फसफसण्याचे काही खरे नाही, चुनखडीही फसफसते आणि गारेतला चुनाही. टवकीला कवच नाही. पण ते आता महत्त्वाचे नाही.

थिजताना बुडबुडे वर चढतात, म्हणून दगडाच्या माथ्याशी त्याची चाळणी होते. तोच भाग आधी कुजतो. ज्या कारणाने तिथे गोटे आहेत, त्याच कारणाने ती भिंत पोकळ आहे. खाली निसरडी लाल माती, तिच्यावर पाणी, वर आठ फूट भिजलेली काळी माती, आणि मधला आधार तुम्ही कोनाडे पाडून काढून घेत आहात. मुरूम गळतो म्हणालीस, ती भिंत सुटू लागली आहे. अशा दोन विहिरी मी पाहिल्या आहेत. दोन्ही वेळा माणसे काढायला गेलो होतो.

वरून कोणाला दोर किंवा शिडी हलवू देऊ नकोस. काठावर गर्दी नको. माणसे एकेक करून शांतपणे वर आण. अविनाशरावांना हे पत्र दाखव. ऐकले नाही तर वाटेल ते कर, पण वर आण.

वहिनी पहाटेपासून फोन लावते आहे, तुमचे फोन बंद आहेत. गोविंदा पहिल्या गाडीने निघतो आहे. स्टँडवर न थांबता थेट तुझ्या हातात देईन म्हणाला.

दादा


जानेफळ
दि. १६ मे २०२४

ती. दादास,
धम्मशीलाचा जयभीम.

सारे जिवंत आहेत. हे आधी लिहिते.

मंगळवारी साडेदहाले गोविंदाभाऊ गाडी स्टँडवर लावून अंगणवाडीत पळत आले. तुमचं पत्र उभ्याउभ्या वाचलं अन् लेकरं मदतनीस सत्यभामाबाईच्या हवाली करून मी वावराकडं पळाली. खाली सहा जण होते. मी काठापासून दूर उभी राहून ओरडली, की दादांचं पत्र आलं, भिंत पडणार आहे, वर या. खालून हसल्याचा आवाज आला. कोणीतरी म्हणालं, बाईचा भाऊ खामगावात खाटेवर बसून विहीर पाहते का! पूनमचे बाबा म्हणाले, ही शेवटची रांग आहे, जेवायले येतोच.

खाली जाऊन हात धरून आणावं म्हणून शिडीले पाय लावला, तर लाल मातीतून पाण्यासंगं मुरमाची धार लागलेली दिसली, चक्कीतून पीठ पडते तशी. माझ्या वजनानं शिडी भिंतीले घासली असती. मी मागं आली. दादा, नुसतं ओरडून तर काही उपयोग झाला नव्हता.

गोटे तिथंच वावरात मामाजींच्या खाटेखाली होते. मी घण घेतला. तुम्ही फोडू नको म्हणून बजावलं होतं. टवकी एकाच गोट्याची होती, बाकी आठांत काय आहे हे तुम्हालेही माहीत नव्हतं. तरी मी पहिला गोटा खडकावर ठेवला अन् घातला घाव. आत पोकळी अन् पोकळीभर पांढरे काटे, उन्हात असे झळकले की मीच दचकली. मी गळा फाडून सांगतलं, की आत हिरकणी निघाली, ज्याले पाहायची त्यानं एकेकानं यावं, गर्दी केली तर झाकून ठेवीन.

पहिला गडी आला. दुसरा फोडला, त्यात जांभळट कड निघाली, अन् दुसरा आला. वर आलेला माणूस गोट्यात काय निघालं ते खालच्यांले ओरडून सांगे, अन् तेवढ्यानं पुढचा शिडीले लागे. मी एकेक फोडत गेली. मामाजी आधी माझा हात धरू पाहत होते. मग पत्र त्यांच्या पुढ्यात टाकलं, ते त्यांनी वाचलं अन् स्वतःच गोटे उचलून देऊ लागले. आठ फुटले तेव्हा पाच जण वर होते. पूनमचे बाबा येईनात.

नववा तो चिरांचा. तो त्यांनी टॉवेलात गुंडाळून वेगळा ठेवला होता. मी नाव घेऊन हाक मारली, दादा, लग्नानंतर पहिल्यांदा सर्वांसमोर नाव घेतलं. सांगतलं, की अविनाश, तुमचं अंडं फोडून राह्यली. तेव्हा ते शिडी चढले, रागानं लाल होऊन. काठावर येऊन माझ्या हातातला घण ओढला. मी त्यांचा शर्ट धरून मागं मागं नेत राह्यली. तीस-चाळीस पावलं गेलो असू. पायाखालची जमीन हलली अन् मागं असा आवाज झाला, की तुमच्या कानालेही कळला असता. विहिरीच्या जागी धुरळा होता. शिडी दिसली नाही.

ते तिथंच खाली बसले. अजून माझ्याशी बोलले नाहीत. पांढऱ्या गाडीवाले काल पुन्हा आले होते. फुटलेले गोटे पाहून गाडीतून न उतरताच गेले.

सर्व तुकडे पिशवीत घालून पाठवते आहे, नऊ पुड्या वेगळ्या, नंबर टाकून. नववाही मी नंतर फोडला. त्यातलं एखादं खरंच अंडं असेल तर तसं लिहा. लपवू नका.
तुमची,
धम्मशीला


जानेफळ
दि. २४ मे २०२४

आदरणीय चंद्रशेखरभाऊंस,
अविनाशचा सप्रेम जयभीम.

मी पत्र लिहिणारा माणूस नाही, चुकीचं काही असलं तर समजून घ्या. तुमचं पत्र परवा आलं. सात गारेचे, दोन चुनखडीचे, अंडं एकही नाही, हे धम्मशीलानं मोठ्यानं वाचून दाखवलं. चिरावाला चुनखडीचा निघाला, वाळताना त्याले तडे गेले, हेही समजलं. ती वाचता वाचता हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

काल बुद्धपौर्णिमेले विहारात सारे जमले होते. वर आलेले पाचही जण आपापल्या बायकांले घेऊन आले अन् तिच्या हातावर खीर ठेवली. एकानं मलेही हात जोडले. म्हणाला, तुमच्या घरानं आम्हाले वाचवलं. मले तिथं बसवेना. मी बाहेर जाऊन उभा राह्यलो.

भाऊ, तुम्हाले एक सांगायचं आहे. तिले सांगायची हिंमत नाही. भिंत बोलत होती. मंगळवारच्या आधी तीन-चार दिवस मी खाली ऐकत होतो. पाण्याचा आवाज वेगळा अन् तो वेगळा. आतून कोणी ज्वारी ओतते तसा. कोनाड्यात डोकं घातलं की स्पष्ट ऐकू यायचं. मी विहिरी खोदलेला माणूस आहे, मले तो आवाज समजत होता. मी कोणाले सांगतलं नाही.

का सांगतलं नाही, हे मी स्वतःले रोज विचारतो. ज्या लोकांनी माझ्या बापाच्या वावरात कधी पाय ठेवला नाही, ते माझ्या विहिरीवर येऊन बसत होते. आमच्या माठातलं पाणी मागून पीत होते. अविनाशभाऊ, आता कुठं खोदायचं, असं मले विचारत होते. अंडी नाहीत म्हटलं असतं, भिंत पडते म्हटलं असतं, तर ते उठून गेले असते. एवढंच कारण आहे. पांढऱ्या गाडीचं नुसतं निमित्त होतं.

अन् पूनम विहिरीत उतरली, त्या दिवशीही तो आवाज येत होता. मी तिले कोनाड्यात बसवून गोटा दाखवला.

आता आवाज थांबत नाही. धम्मशीला पीठ चाळते, कोणी पोतं ओतते, की मी उठून पोरगी कुठं आहे ते पाहतो. पुढच्या रविवारी मी तुमच्याकडं येतो. तुम्हाले ऐकू येत नाही, म्हणून इथंच लिहून ठेवलं. मी समोर बसेन, तुम्ही हे पुन्हा एकदा वाचा. मग तिले कोणी सांगायचं, ते तुम्ही ठरवू नका. तेवढं मीच करतो, फक्त तुम्ही सोबत जानेफळले चला. काठी मी धरतो.

मायेत ठेवा, ठेवता आलं तर.
तुमचा,
अविनाश