निवडलेला गहू

३ एप्रिल
अण्णा कार्यालयात शिरताच, "बाई, तुमचं दुबईचं जमलं बरं का!" माझं? शेतकरी संघ पोत्यामागे रुपया कापून घेतो तो सभासदांचा, ईमेल लिहून बोटं झिजली ती माझी, अध्यक्ष म्हणून फोटो अण्णांचा. असो. तिथल्या गिरणीवाल्याने आपल्या बन्सी गव्हाचा नमुना मागवलाय. पाच किलो. संघ निघाल्यापासून पहिल्यांदाच कुणी माहितीपत्रक सोडून गहू मागितला.

५ एप्रिल
नमुना आणायला मांजरीला, अण्णांच्या घरी. पडवीत त्यांची बायको, सुमनवहिनी, आणि शेजारच्या बायका सुपं घेऊन गहू निवडतायत! काळा दाणा बाजूला, फुटका बाजूला, बारीक बाजूला. म्हटलं, अण्णा, यंत्रातून निघाला तसाच पाठवायचाय.
"आवं, पाव्हण्याला बिननिवडलेला गहू धाडायचा? अब्रू हाय का न्हाय आपली?"
खूप भांडले. हरले. पिशवी अशी की देवापुढे ठेवावी. नारायण पेठेतल्या कार्यालयात परत येईपर्यंत डोकं तडकलेलं.
घरी ह्यांना सांगितलं. ह्यांचा जन्म गेला खडकीच्या दारूगोळा कारखान्यात माल तपासण्यात. म्हणाले, "नमुना डोळे मिटून उचलायचा असतो. तुम्ही दाखवायच्या मुलीसारखा नटवून पाठवलात." वर हसले. मला नाही हसू आलं.

२१ एप्रिल
मेल आला. नमुना फार आवडला, अगदी अस्साच गहू एक कंटेनर हवा, पुढे दरवर्षी. अण्णांनी पेढे वाटले. मी घेतला नाही. "बाईंचं तोंड कायम कडू."
विचारलं, कंटेनरभर निवडणार कोण?
"बायका हायेत की घरोघर."
सुमनवहिनी बँकेच्या कामाला शहरात आलेल्या, तिथेच बसलेल्या. "पाच किलोला दोन दुपारी गेल्या आमच्या. कंटेनर निवडायचा तर तुमी बसा सूप घिऊन. इचारलं व्हतं का कुनाला?"
अण्णा पेढ्यांचा पुडा बांधायला लागले. काय बरं वाटलं! पण प्रश्न तिथेच.

२४ एप्रिल
कार्यकारिणीची बैठक. एका महाशयांचा तोडगा: वरच्या पोत्यांत निवडलेला, खाली साधा. चक्क मोठ्याने बोलले. आणि माना डोलल्या! याच मंडळींनी गेल्या महिन्यात सभासदांच्या कपातीतून दिल्ली गाठली, निवेदन दिलं, आमचा माल जगात कुठेही उभा राहील, निर्यात खुली ठेवा. कंटेनर परत आला तर पुढच्या हंगामात कपात कोण देईल? संघ राहील का? विचारलं.
"बाई, तुम्ही इतिवृत्त लिहा."
लिहिलं. तोडग्यासकट, नावानिशी. माझा संताप संताप झाला.

२६ एप्रिल
गोदामात गेले. समोरच्या पोत्यात डोळे मिटून हात घातला. पाच किलो, फुटक्या दाण्यांसकट. कुरिअर केलं. सोबत चिठ्ठी: आमचा गहू असा येतो. कुणाला विचारलं नाही. मलाही कोण विचारतं?

६ मे
उत्तर आलं. अण्णांना मराठीत वाचून दाखवलं: "तुमच्या दोन पिशव्या आमच्या टेबलावर आहेत. कंटेनर यातल्या कोणत्या पिशवीसारखा येईल? उद्या कळवा."
"दुसरी कुणी धाडली?"
"मी."
अण्णा ओरडले. मीही ओरडले, सगळं, ५ एप्रिलपासूनचं. खालचा झेरॉक्सवाला वर येऊन बघून गेला. नोकरी गेली असं धरून मी पर्स आवरायला घेतली.
अण्णा खुर्चीत बसले. मग हळूच, "दोन्ही आपल्याच रानातल्या हायेत, बाई."
खोटं नाही. पण कंटेनर एकाच पिशवीसारखा भरणार. म्हटलं, काय लिहू?
अण्णांनी टोपी घातली, दारापर्यंत गेले.
"उद्या सांगतो. घरी सुमनला इचारतो."