जनरलसाहेबांच्या पुस्तकातलं माझं प्रकरण

रियाझान, ३ सप्टेंबर १९७८

कॉलेज सुटलं, सायबेरियातली नोकरीही सुटली. पण आता पक्कं ठरलं. आजोबांची सगळी लष्करी कारकीर्द लिहायची. घोडदळातलं पोर ते आर्मी जनरल! डिसेंबरला पुस्तक तयार.

आजोबा म्हणाले, "तिमोशा, आधी शेवट लिही. तुझी आई गेली नि तू माझ्याकडे आलास, ते. हल्ली माझ्या डोक्यातून अलीकडचं आधी पुसलं जातंय." म्हटलं, आधी लढाया. माझं प्रकरण शेवटी शोभेल.

९ सप्टेंबर

जंगलात अळंबी निघालीत. दोनच दिवस जातोय. आजोबा दाराजवळच्या ट्रंकेवर बसले, "ये, मिनिटभर बस. प्रवासाला निघण्याआधी बसावं, रीत आहे." बस चुकली असती. नाही बसलो. घर सांभाळणारी ग्लाफिरामावशी ओरडली, "मेला बूड टेकवेल तर शपथ!"

२८ सप्टेंबर

दोन दिवस जरा लांबले. नदीवर एक नाववाला भेटला, फार इंटरेस्टिंग माणूस.

आजोबा गणवेशावर चिडलेले. "जनरलचे तारे कुणी लावले? मी कर्नल आहे!" म्हणजे ते कारकीर्द उलटीकडून सांगतायत. लेखनाची नवीनच पद्धत! मावशी स्वयंपाकघरात डोळे पुसत होती. कांदा असणार.

१४ ऑक्टोबर

आज आजोबा कॅप्टन. लढाईत पुलाशी मेलेल्या, त्यांच्या तुकडीतल्या पोरांची नावं धडाधड सांगत होते. पेन्सिल तुटली. आणायला गेलो, वाटेत माझा दोस्त झोरा अकॉर्डियन घेऊन भेटला. परतलो तर आजोबा झोपलेले. उद्या नक्की.

१५ ऑक्टोबर

पुलाचं विचारलं. म्हणाले, "कुठला पूल? युद्ध कुठं सुरू झालंय?"

हरकत नाही. प्रस्तावनेत घालू.

२ नोव्हेंबर

बातुमीला बोटीवर काम मिळतंय. फक्त हिवाळ्यापुरतं. लेखनाला समुद्र चांगला.

बॅग घेऊन निघालो तर आजोबा ट्रंकेवर, रुमालात पाव बांधून. "कॉम्रेड, भरतीची गाडी इथूनच सुटते ना?"

वय विचारलं. "अठरा." घरचं कुणी आलं नाही? "आई शेतावर आहे. दुसरं कुणी नाही मला." मग लाजत म्हणाले, "तुम्ही बसता का मिनिटभर? निघताना शेजारी कुणीतरी लागतं."

बसलो. त्यांनी पाव मोडून अर्धा मला दिला.

थोड्या वेळाने म्हणाले, "चला, निघायला हवं."

म्हटलं, अजून जरा बसू.