ठमाबाईंच्या वालातले चारशे फूट

तीर्थरूप सुमतीताईस,

खांदा कॉलनीहून धाकट्या दिनानाथचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? तुझी भावजय आभा मजेत आहे. माझीही तब्येत बरी आहे, फक्त मान खाली आहे. त्याचं कारण सविस्तर लिहितो.

निवृत्तीनंतर मी नेऱ्याला जमिनीचा तुकडा घेतला, हे तुला ठाऊक आहेच. शेजारी ठमाबाईंचं शेत. गेल्या आठवड्यात नवी टेप घेऊन मी त्यांच्या शेताच्या चारही बाजू मोजल्या. (माझा तुकडा मोजायचा राहूनच गेला. आपली जमीन कमीच भरणार, हे माणूस धरूनच चालतो.) प्रत्येक बाजू शंभर फूट भरली. शंभर गुणिले शंभर म्हणजे दहा हजार चौरस फूट. त्यांच्या कागदावर मात्र नऊ हजार सहाशे. वरचे चारशे माझेच असणार, म्हणून मी पांढरी फक्की आणून त्यांच्या उभ्या वालात चार फूट आत सरळ रेघ मारायला घेतली. रेघेच्या माझ्या बाजूला शेंगांनी लगडलेली रोपं येत होती.

ठमाबाई बांधावर आल्या. वय साठीच्या पुढचं, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. भांडतील म्हणून मी तयारीत होतो, पण त्यांनी माझं गणित शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग कुंपणातल्या चार सारख्या काठ्या काढल्या, टोकांना सुतळी बांधली आणि जमिनीवर चौकोन मांडला. एक कोपरा पायाने हळूच ढकलला. चौकोन कलला.

"दादा, काठ्या तेवढ्याच हायेत ना?"

मी हो म्हटलं. त्यांनी आणखी ढकललं. शेवटी काठ्या एकमेकींना चिकटल्या, आत बोट घालायलाही जागा उरली नाही.

"काठ्या अजून तेवढ्याच हायेत. मंग तुमचं दहा हजार गेलं कुटं?"

ताई, मी वळून बांधावर नजर टाकली. त्यांचं शेत तसंच कललेलं आहे, हे मी टेपच्या नादात पाहिलंच नव्हतं.

मग त्यांनी समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत दोरी ताणली: एकशे साठ फूट. उरलेल्या प्रत्येक कोपऱ्यापासून दोरीपर्यंत काटकोनात साठ. एकशे साठ गुणिले साठ, त्याचं निम्मं, हा एक त्रिकोण. असे दोन. बोटांच्या पेरांवर त्यांनी नऊ हजार सहाशे काढले, आणि मी मोबाइलवर पडताळून पाहीपर्यंत चहाही टाकला.

त्यांचं माहेर गव्हाणचं, मिठागरातलं. मिठाचा एकही वाफा सरळ चौरस नसायचा आणि हातभर जागेवरून भांडणं जुंपायची, म्हणून बाप मोजणीची दोरी पोरीच्या हातात द्यायचा. पोर खोटं मोजत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. एवढं सांगून त्या म्हणाल्या, "आमी काय शिकलो नाय दादा. पन कोनाचं खाल्लं नाय."

मी पायाने फक्की पुसली आणि माफी मागितली. त्यांनी पिशवीभर शेंगा दिल्या. घरी येऊन मी आभाबरोबर त्या सोलत बसलो. इतकं शहाणं माणूस बांधापलीकडे असताना मी टेप विकत आणली.

तुझा,
दिनानाथ

ता. क. पुढच्या रविवारी नेऱ्याला येऊन जा. फक्की मारताना ठमाबाईंनी शंका काढली, तेव्हा हा हिशेब पस्तीस वर्षं गणित शिकवलेल्या माझ्या थोरल्या बहिणीने तपासून दिलाय, असं मी ठणकावून सांगितलं होतं. त्या दिवशी चष्मा नव्हता, एवढं म्हणालीस तरी माझं निभावेल.

ता. क. २. घाबरू नकोस, त्या रागावलेल्या नाहीत. म्हणाल्या, "येव द्या बाईंना. त्यांना बी समजावते."