आठ जणांचा वर्ग

प्रिय दादा,

तुझं पत्र पोचलं. त्या मोठ्या विद्यापीठात मला दुसऱ्या वर्षाला परत घ्यायला तुझे जुने सर तयार झाले, हे ऐकून आई हरखली असेल. त्यासाठी तू किती जोडे झिजवले असशील, तेही कळतं. पण मी परत जाणार नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे उरलेलं पत्र तू उत्तर शोधत वाचणार नाहीस.

तिथलं वर्ष वाईट गेलं असं मी कधी म्हटलं नाही, कारण ते वाईट गेलंच नव्हतं. शेकडो मुलांच्या त्या सभागृहात मी मागच्या रांगेत बसायचे, सर पडद्यावर दगडांची चित्रं दाखवायचे आणि कुणी मला काही विचारायचं नाही. माझ्यासारख्या तोतरीला आणखी काय हवं? मग कावीळ झाली. महिनाभर खोलीवर पडून होते, आणि बरी होऊन गेले तर माझी हजेरी पूर्ण भरलेली! खोलीतली मैत्रीण रोज माझं कार्ड यंत्राला लावत होती. आम्ही पोट धरून हसलो. नंतर मात्र एक विचार मनातून जाईना. मी असले काय नि नसले काय, त्या यंत्रापलीकडे कुणाच्या खिजगणतीतच नव्हते.

इथे या छोट्या कॉलेजात भूशास्त्राला आम्ही आठ जण. लपायला खांबसुद्धा नाही. पहिल्याच आठवड्यात बाईंनी माझ्या हातात एक काळा दगड दिला आणि विचारलं, हा कोणता? मी सवयीने कागदावर उत्तर लिहून पुढे केलं. बाईंनी कागदाकडे बघितलंही नाही. म्हणाल्या, "तोंडाने सांग. मला घाई नाही, घरी जाऊन स्वयंपाकच करायचाय." सगळे थांबले. आणि दादा, नाव नेमकं 'ब'पासून सुरू होणारं! ओठ मिटले ते उघडेचनात. शेजारच्या मुलीने चक्क जांभई दिली, पण माझ्याऐवजी कुणी बोललं नाही. अखेर 'बेसाल्ट' बाहेर पडलं. मला वाटलं, आता टाळ्या पडणार. बाई म्हणाल्या, "चूक. का चूक ते आता तूच बघ," आणि भिंग हातात दिलं. त्या दिवशी मी वसतिगृहापर्यंत जवळजवळ पळत गेले. माझं अडखळणं सोडून माझी चूक पकडणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं होतं.

तुझं म्हणणं खोटं नाही. इथलं ग्रंथालय म्हणजे एक खोली, तीही ओल आलेली. पदवीवरचं नाव बघून कुणी खुर्ची पुढे करणार नाही. तास बुडवला तर बाई संध्याकाळी खाणावळीत येऊन गाठतात, जेवणही गोड लागत नाही. पण दगड कापायचं यंत्र तिथे काचेआड होतं, आम्ही लांबूनच बघायचं. इथे त्यावर मी स्वतः चकत्या कापते, आरपार उजेड दिसेपर्यंत घासते. कितीतरी फोडल्या. फुटली की बाई आधी ओरडतात, मग नवा दगड देतात.

आता पत्राचं खरं कारण. संस्थेने हे कॉलेज बंद करून आम्हाला त्याच विद्यापीठात पाठवायचं घाटलंय. रविवारी पालकांसमोर सभा आहे आणि आम्हा विद्यार्थ्यांच्या वतीने मी बोलणार आहे. वर्गाने मलाच निवडलं, हे तुला आईकडून आधीच कळलेलं दिसतंय. आज प्राचार्यांनी बोलावून सांगितलं की तुझा फोन आला होता आणि तू म्हणालास, तिला उभं करू नका, तिचं हसं होईल, दुसऱ्या कुणाला तरी सांगा. निर्णय त्यांनी माझ्यावर सोडला. मी तिथल्या तिथे सांगितलं, मीच बोलणार. तू हे मायेपोटी केलंस, मला ठाऊक आहे. दुकानात, दवाखान्यात, पाहुण्यांपुढे माझी वाक्यं तूच पुरी करत आलास. आता नको. हसं व्हायचं असेल तर ते माझं मला होऊ दे. कॉलेज वाचेल की नाही, सांगता येत नाही. बंद व्हायचंच असेल तर माझं ऐकून घेतल्यावर होऊ दे. तू रविवारी ये, पुढे बस. मी अडले तर मान खाली घालू नकोस आणि मदतीला उठूही नकोस. लागेल तेवढा वेळ मी घेणार आहे.

तुझीच,
हट्टी धाकटी