राईतलं वाळकं लाकूड

चि. ज्ञानूस थोरल्या दौलूचा आशीर्वाद.

आपलं आबा गेलं.

तुला ठाव हाय, देवीच्या राईत कुऱ्हाड न्यायची न्हाय. पडल्यालं लाकूड तेवढं मयताच्या सरणाला घ्यायचं. आबांनी ह्ये जलमभर पाळलं, गावाकडनं पाळून घेतलं. जंगलाची हद्द आखाय सायेब आला, तवा त्येंनीच हौसेनं समदी राई फिरवून दावली. एवढी दाट झाडी बघून सायेब खूश झाला आन राई राखीव जंगलात घातली. पल्याडच्या गावानं डोंगर बोडका केलता, तर त्यो त्यास्नी गायरान म्हणून सोडला की!

आबांच्या सरणाला वाळकं लाकूड मागाय गेलतो. तू तिकडं हायेस तसाच जंगलखात्याचा बिल्लेवाला रखवालदार म्हणाला, "काडीबी मिळायची न्हाय. वर अर्ज करा."

मयत किती थांबवायचं? घराची दारं उचकटली, आबांची खाट मोडली, त्यावर त्येंना जाळलं.

ह्ये पत्र धाडत न्हाय. वाचलंस तर बिल्ला फेकून येशील, आन आई तुझ्याच पगारावर जगती. आबा गेलं एवढंच कळवीन.

दारांचं इचारलंस तर वाळवी लागली म्हणीन.

तुझा दादा,
दौलू