अण्णांचा इंग्रजी अभिनय

रहिमतपूर, १७ फेब्रुवारी १९७४

आमचे दिग्दर्शक अण्णा लंडनला एका नामवंत म्हाताऱ्या इंग्रज नटाचं नाटक पाहून आले आणि तेव्हापासून रंगमंचावर नुसते कुजबुजतात. त्या नटाचा सिनेमा मीही सांगलीत पाहिला. कॅमेरा नाकाशी असल्यावर कुजबुजायला काय जातं? नाटकातही तो असंच करत असेल? शक्यच नाही. अण्णांनी फक्त ऐट उचलली.

आजच्या प्रयोगात मागच्या रांगेतून कुणी ओरडलं, "आवं, मोठ्यानं बोला की!" तरी कुजबुज चालूच. मी त्यांची नाटकातली बायको. शेवटी मीच मोठ्यानं विचारलं, "काय म्हणता, घर सोडून निघालात?" टाळ्या पडल्या.

विंगेत अण्णा गरजले, "माझा प्रसंग नासवलास! उद्यापासून येऊ नकोस."

नाही जाणार. त्या कुजबुजीपुढे रडून दाखवायचा मलाच कंटाळा आला होता.